सरकीचा डावा कान

आमच्या रोहणा गावात आज पस्तिशीच्या आतली जी माणसं आहेत, त्यांतल्या बऱ्याच जणांना मीराबाई थूल यांनी कधी ना कधी घट्ट धरून ठेवलेलं आहे. मीही त्यांतलाच. गावच्या आरोग्य उपकेंद्रात त्या अंशकालीन स्त्री परिचर होत्या. सिस्टर यायच्या, सुया टोचायच्या, बदली होऊन जायच्या. पण लेकराला मांडीवर घेऊन त्याचे पाय गुडघ्यांत अडकवणारी आणि "चिमणी पाह्य, चिमणी" म्हणत त्याचं तोंड खिडकीकडे वळवणारी बाई एकोणतीस वर्षं तीच राहिली. माझी आई सांगते, मीराबाईच्या मांडीवर लेकरू रडायचं ते सुई टोचायच्या आधी, नंतर नाही.

निवृत्तीनंतर दोनेक वर्षांत त्यांचे हात कापायला लागले. आधी सुईत दोरा जाईना, मग कप बशीवर वाजू लागला. सेवाग्रामच्या दवाखान्यात दाखवलं. डॉक्टर म्हणाले, हा कंपवात नाही, काही जणांचे हात वयानं असे कापतात, यानं जिवाला धोका नाही. घरी येताना मीराबाई नवऱ्याला, नानाजींना, म्हणाल्या, "जीव नाई जात म्हणते. इज्जत तर जाते नं." तेव्हापासून पाहुण्यांना चहा नानाजीच आणून द्यायचे. मीराबाई आपला कप अर्धाच भरून घ्यायच्या आणि दोन्ही हातांनी धरायच्या.

नानाजी आर्वीच्या बस आगारात मेकॅनिक होते. त्यांच्याशी बोलायचं तर डाव्या बाजूला बसावं लागतं. उजवा कान ऐन जवानीत गेला. एका जत्रेत कान साफ करणारा भेटला, त्यानं लोखंडी काडी घातली आणि पडदा फोडला. वरून घरच्यांनी महिनाभर लसणाचं तेल ओतलं. पुढे कितीतरी वर्षं तो कान वाहत होता. लग्न होऊन आल्यावर पहिल्या रात्रीपासून उशीच्या खोळीवर पिवळा डाग पाहिल्याचं मीराबाई सांगतात. त्या वासाची त्यांना सवय झाली, पण भीती गेली नाही. उपकेंद्रात कुणी आई लेकराच्या कानात काडी घालताना दिसली की त्या तिच्या हातातून काडी काढून घ्यायच्या.

आणि तरीही ते त्यांच्याच हातून घडलं. हे सगळं मला नंतर मीराबाईंनीच सांगितलं. काही नानाजींनी सांगितलं, त्यांना जसं ऐकू आलं तसं.

त्यांच्या घरामागच्या दोन खोल्यांत मेघा नावाची मुलगी भाड्यानं राहायची. ब्रह्मपुरीकडची, कृषी सहायक, सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची. दिवसभर स्कूटीवर शेतं फिरायची. एकदा आर्वीच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये गेली असताना सरकीच्या ढिगात तिला मांजरीचं पिल्लू सापडलं, पांढरं, अंगावर राखाडी ठिपके. नाव शोधावं लागलंच नाही. सरकी दोन वर्षांची झाली होती आणि मेघाच्या मागं मागं फिरायची तेव्हा मेघाला आठ आठवड्यांचं प्रशिक्षण लागलं, नागपूरला. वसतिगृहात मांजर चालणार नव्हती.

"मावशी, तुमच्याजवळ ठेवू का? दुसऱ्या कोणावर माझा भरवसा नाई," मेघा म्हणाली.

"ठेव वं. एवढी लेकरं सांभाळली, हे काय जड आहे," मीराबाई म्हणाल्या. पण त्याच क्षणी मनात आलं ते त्या आता सांगतात. आपलं हरवलं तर माणूस रडून मोकळं होतं. दुसऱ्याचं सांभाळताना तशी सोय नसते.

मेघानं खाणं, पाणी, मातीचं घमेलं, सगळं समजावून सांगितलं. रोज एक फोटो पाठवा म्हणाली. कानाचं काही सांगितलं नाही, कारण तोवर कानाला काही झालंच नव्हतं.

दहा-बारा दिवस बरे गेले. मग सरकी डोकं झटकायला लागली. मागच्या पायानं डावा कान खाजवायची, इतकी की कानामागचे केस गेले. मीराबाईंनी तिला उन्हात घेऊन कान उलटून पाहिला तर आत काळपट चुरा, उकळून वाळलेल्या चहापत्तीसारखा. त्यांना आधी लाजच वाटली. मेघाच्या खोलीत होती तेव्हा मांजर कशी लख्ख! आपल्या घरी आली आणि घाण झाली. ज्या बाईनं आयुष्यभर दुसऱ्यांना हात धुवायला शिकवलं, तिच्या घरात.

एका मंगळवारी दुपारी नानाजी ओट्यावर पेपर वाचत बसले होते. मीराबाईंनी दुकानातून कापसाच्या काड्यांची डबी आणून ठेवली होती. सरकीला मांडीवर घेतलं, गुडघ्यांत अडकवलं. सरकी घुरघुरत होती, बरं वाटत असावं. पहिली काडी काळी होऊन आली. दुसरीही तशीच. मीराबाईंना समाधान वाटलं. घाण निघते आहे म्हणजे काम होतं आहे. तिसरी काडी जरा जास्त आत गेली, कारण वरचं निघालं आणि आतलं दिसत होतं. चौथीच्या वेळी हात थरथरला.

एवढंच झालं. दाणाभर अंतर असेल. सरकी बाईमाणसानं किंचाळावं तशी किंचाळली, मीराबाईंच्या मनगटावर नखं ओढून उडाली आणि दिवाणाखाली शिरली. काडीच्या टोकाला काळ्याच्या वर लाल ठिपका होता, मोहरीएवढा.

ओट्यावर नानाजींचा उजवा कान घराकडे होता, आणि त्याच वेळी रस्त्यानं ट्रॅक्टर जात होता. त्यांना काही ऐकू आलं नाही. मीराबाईंनी चारही काड्या कागदात गुंडाळून कचऱ्याच्या अगदी तळाशी घातल्या. मनगटाला हळद लावली. आणि संध्याकाळी नानाजींनी विचारलं तेव्हा, "भाजी कापताना लागलं," म्हणून सांगितलं.

सकाळी सरकी दिवाणाखालून बाहेर आली ती मान वाकडी करून. डावा कान खाली, उजवा वर. कुणी काही विचारलं आहे आणि उत्तर आठवत नाही, अशी ती घरभर हिंडत होती. मीराबाईंनी तिच्या मागं उभं राहून बिस्किटांचा डबा वाजवला. सरकी वळली. पण कोणत्या कानानं ऐकून वळली? नानाजींच्या मागंही डबा वाजवला तर तेही वळतीलच. एक कान गेला तरी माणूस वळतोच, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं! त्या दिवशी त्यांनी डबा वीस-पंचवीस वेळा वाजवला असेल. शेवटी सरकीनं वळणंच सोडून दिलं, आणि मग तर त्यांचा जीव अर्धा झाला.

दहा वाजता मेघाचा मेसेज आला, "मावशी, आजचा फोटो?"

मीराबाई फरशीवर आडव्या झाल्या. सरकी उन्हात बसली होती. उजव्या बाजूनं, खालून, मान सरळ वाटेल असा फोटो साधायला त्यांना पाव तास लागला. हात हलायचा आणि फोटो फिसकटायचा. शेवटी फोन उंबऱ्यावर टेकवून काढला. मेघानं लाल बदाम पाठवला.

दोन दिवस असे गेले. मीराबाईंचं जेवण तुटलं. नानाजी विचारत, "काय होऊन राह्यलं तुले?" त्या म्हणत, "काई नाई, पित्त झालं." शेजारचा कवडू बकऱ्या पाळायचा. तो कुंपणावरून सरकीला पाहून म्हणाला, "काकू, हिच्या कानात किडा गेला. मोहरीचं तेल कोमट करा अन् दोन-चार थेंब सोडा. माया बकरीले मी तसंच करतो, किडा वर येते."

कवडू मनानं चांगला माणूस. मीराबाईंना कुणीतरी काहीतरी करायला सांगावं एवढंच हवं होतं. त्यांनी पळीत तेल घेतलं आणि गॅसवर धरलं. तेलाचा वास ओट्यापर्यंत गेला. वास यायला कान लागत नाही. नानाजी आत आले.

"कायचं तेल वं?"

"सरकीच्या कानात सोडायचं आहे."

नानाजींनी पुढं होऊन गॅस बंद केला. बेचाळीस वर्षांच्या संसारात ते बायकोवर फार कमी वेळा ओरडले असतील, त्या दिवशी ओरडले. "माया कान पाहून राह्यली नं तू इतकी वर्सं? काडीनं फाटला होता, तेलानं सडला. अन् तू तेल सोडून राह्यली? आत काय झालं ते कोणाले माहीत आहे?"

"मले माहीत आहे," मीराबाई म्हणाल्या आणि स्वयंपाकघरातच खाली बसल्या. मग त्यांनी सगळं सांगितलं. काडी, लाल ठिपका, मनगट, फोटो. नानाजींना नीट ऐकू यावं म्हणून त्यांना ते मोठ्यानं सांगावं लागलं. आपलाच गुन्हा ओरडून सांगताना कसं वाटतं, ते सांगायला माझ्याजवळ शब्द नाही, असं त्या मला म्हणाल्या.

नानाजींनी पळीतलं तेल मोरीत ओतून दिलं. मग म्हणाले, "उद्या आर्वीले चाल. डॉक्टरले दाखवू."

मेघानं मांजर न्यायची जाळीच्या दाराची पेटी ठेवून दिली होती. सकाळच्या बसमध्ये मीराबाई ती मांडीवर घेऊन बसल्या. रस्त्यात गाडी आदळली की त्या पेटीखाली हात घालत, जणू आदळण्यानंच आतला पडदा फाटणार होता. दवाखान्यात त्यांच्या आधी खांदा सुजलेला बैल होता आणि दोन बकऱ्या. सरकी पेटीच्या कोपऱ्यात अंग चोरून बसली. पेटीची कडी नानाजींनी उघडली.

डॉक्टर सरिता भोयर साधारण चाळिशीच्या. त्यांनी आधी सरकीच्या उजव्या कानात पाहिलं, मग बारीक उजेडाचं यंत्र लावून डाव्या. बराच वेळ पाहिलं.

"काडी घातली होती का?"

"हो," मीराबाई म्हणाल्या. इथं खोटं बोलणं त्यांच्या मनातही आलं नाही. दवाखाना ही त्यांची जागा होती.

"कानात बारीक किडे आहेत. डोळ्यांना सहसा दिसत नाहीत. मांजरांना एकमेकांकडून लागतात. तुमच्या घरात घाण आहे म्हणून नाही झालं हे." मीराबाईंनी न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर डॉक्टरांनी दिलं. "तो काळा चुरा त्यांचाच. पण मांजरीच्या कानाची नळी सरळ नसते. खाली उतरते आणि मग आत वळते. आपण काडी घातली की वरचं थोडं निघतं आणि बाकीचं खाली ठासलं जातं. आता आत सूज आहे, चुरा आहे, थोडं खरचटलं आहे. पडदा मला दिसत नाही."

"म्हणजे फाटला?"

"म्हणजे दिसत नाही. फाटला असंही म्हणणार नाही आणि नाही असंही म्हणणार नाही. मान दुखण्यानं वाकडी धरते की आतल्या कानाला काही झालं, तेही आज सांगता येणार नाही. पडदा दिसेपर्यंत कानात काही म्हणजे काही घालायचं नाही. तेल नाही, पाणी नाही, औषधसुद्धा नाही. चालताना तोल गेला किंवा खाणं सोडलं तर थांबू नका, लगेच आणा. नाहीतर आठ दिवसांनी या."

किड्यांवरचं औषध त्यांनी सरकीच्या मानेवर, केस बाजूला करून कातडीवर सोडलं. सुजेसाठी आणि दुखण्यासाठी मांजराच्या वजनानं तोलून गोळ्या दिल्या. घरातली माणसांची गोळी चुकूनही देऊ नका, असं दोनदा बजावलं.

आठ दिवस. मीराबाईंच्या लेखी ते आठ आठवड्यांपेक्षा मोठे होते. सरकी उठली की त्या उठायच्या. ती वाडग्याकडे सरळ चालते की नाही, हे पाहायला त्यांनी फरशीच्या एका रेघेवर वाडगं ठेवलं होतं. सरकी रेघेवरून चालायचीही आणि नाहीही. मांजर ती, तिला रेघ कोण सांगणार! रोज दहा वाजता उजव्या बाजूचा फोटो जायचा. पाचव्या दिवशी मेघानं लिहिलं, "मावशी, किती छान फोटो काढता तुम्ही. तुमच्यामुळं मी इथं बेफिकीर आहे."

मीराबाईंनी तो मेसेज वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला. मग फोन लावला.

पलीकडे मेघानं सगळं ऐकून घेतलं. मीराबाई बोलायच्या थांबल्या तरी आवाज आला नाही, तेव्हा त्यांना वाटलं फोन कटला. "आयकून राह्यली का वं?"

"हो." मग, "रविवारी येते." आणि फोन बंद.

रविवारपर्यंत फोटो मागणारा मेसेज आला नाही. मीराबाईंनी समोरून, मान वाकडी दिसेल असा फोटो पाठवला. निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही.

मेघा सकाळच्या बसनं आली. अंगणातच खाली बसली आणि सरकी तिच्याकडे वाकड्या मानेनं धावली. मेघानं तिला उचलून छातीशी धरलं, कान न शिवता. मीराबाई दारात उभ्या होत्या. चहा ठेवावा की बोलावं की आत जावं, काही सुचत नव्हतं.

"मेघा, माया हात कापते, तुले माहीत आहे. मी काडी घ्यायलेच नाई पायजे होती."

मेघा त्यांच्याकडे न बघता म्हणाली, "काडी चुकून गेली मावशी. फोटो चुकून नाई काढले तुम्ही."

नानाजी डावा कान पुढे करून ऐकत होते. त्यांनी खाली पाहिलं.

पुढे मीराबाई मला म्हणाल्या, "एकोणतीस वर्सं मी लेकरायच्या मायले सांगत आली, जे झालं ते डॉक्टरजवळ लपवू नका. मायी पाळी आली तं मी काय केलं?"

सोमवारी मेघानं रजा टाकली आणि तिघं मिळून आर्वीला गेली. बसमध्ये पेटी मेघाच्या मांडीवर होती. मीराबाई मागच्या बाकावर बसल्या होत्या, पेटीच्या जाळीतून दिसणाऱ्या पांढऱ्या शेपटीकडे बघत. दवाखान्यात डॉक्टरांनी यंत्र लावलं. मीराबाईंनी भिंतीवरच्या लसीकरणाच्या तक्त्यावर नजर लावली. आकडे दिसत होते, वाचले जात नव्हते.

"सूज उतरली आहे." मग थांबून, "पडदा दिसतो आहे. शाबूत आहे. खरचटलं होतं ते नळीच्या कातडीला. मान दुखण्यामुळंच धरत होती, हळूहळू सरळ होईल."

मीराबाई रडल्या नाहीत. त्या स्टुलावर बसल्या. मेघानं पाण्याची बाटली उघडून त्यांच्या हातात दिली, आणि बाटली हलते आहे हे पाहून खालून आपला हात लावला.

"आता कान धुवायचा," डॉक्टर म्हणाल्या. "अजून चुरा आहे. घरीच करायचं, दर तीन दिवसांनी, मी सांगेन तोवर. कोण करणार?"

मेघाला संध्याकाळी नागपूरला परतायचं होतं. मग मीराबाईंनी दोन्ही हात पुढे धरले. बोटं हलत होती. "डॉक्टर, हे असे आहेत. या हातायनं होत नाई."

डॉक्टरांनी हातांकडे नीट पाहिलं. "काडी घालायला हे हात चालणार नाहीत. पण काडी घालायला कोणतेच हात चालत नाहीत. धुवायला चालतील. बघा." त्यांनी सरकीला टॉवेलात गुंडाळलं, फक्त डोकं बाहेर. औषधाची बाटली मुठीत धरून ऊबदार केली. कानाची पाळी वर धरली, बाटलीचं टोक कानाला न लावता वरूनच औषध सोडलं, नळी भरेपर्यंत. मग कानाच्या बुडाशी, बाहेरून, बोटांनी चोळायला लागल्या. आतून चुबुक चुबुक आवाज येत होता. "हा आवाज यायला हवा. वीस-तीस सेकंद. मग सोडून द्या, ती स्वतःच डोकं झटकते. आतलं वर तीच आणते. वर आलेलं आपण कापूस बोटाला गुंडाळून पुसायचं. जिथवर बोट सहज जातं तिथवरच, पुढं नाही. लाल झालं, वास आला, रक्त दिसलं, फार ओरडली, तर थांबायचं आणि मला फोन करायचा."

बसस्टँडवर मेघा बराच वेळ पेटी धरून उभी होती. नागपूरची गाडी लागली तेव्हा तिनं पेटी मीराबाईंकडे दिली. "धुताना नानाजींना व्हिडिओ काढाले सांगजा," ती म्हणाली. "सगळा."

गुरुवारी सकाळी अकरा वाजता पहिल्यांदा धुवायचं ठरलं. मीराबाई सहापासून अस्वस्थ होत्या. टॉवेल दोनदा बदलला. बाटली दहा मिनिटं मुठीत धरली, मग गार झाली असेल म्हणून पुन्हा दहा मिनिटं. नानाजी फोन धरून समोर बसले.

टॉवेल पाहताच सरकी दिवाणाखाली गेली. मीराबाई तिथंच फरशीवर बसल्या आणि काहीबाही बोलत राहिल्या. उपकेंद्रात लेकरांशी बोलायच्या तसं, अर्थ नसलेलं. पंधरा मिनिटांनी ती बाहेर आली. मग त्यांनी तिला टॉवेलात घेतलं आणि पाठ आपल्या पोटाशी धरली. ते धरणं नानाजींना नेमकं माहीत होतं. पकड घट्ट असते, पण दाब कुठंच नसतो. सरकीनं एकदा धडपड केली आणि थांबली.

पहिल्यांदा औषध गालावर सांडलं. "बंद करू का?" नानाजींनी फोन खाली घेत विचारलं.

"नाई. चालू राहू द्या. तिनं सगळा म्हटलं."

दुसऱ्यांदा बाटली हलली, पण टोक कानापासून लांब होतं, आणि औषध आत गेलं. मीराबाईंनी कानाच्या बुडाशी बोटं लावली. क्षणभर काहीच ऐकू आलं नाही. मग चुबुक. पुन्हा चुबुक. बोटं कापत होती आणि त्या कापण्यानंही कान चोळलाच जात होता. सरकीनं डोळे अर्धे मिटले. सोडल्यावर तिनं डोकं असं झटकलं की काळं पाणी मीराबाईंच्या चष्म्यावर, भिंतीवर आणि नानाजींच्या फोनवर उडालं. मीराबाईंनी कापूस बोटाला गुंडाळला आणि पाळीच्या आतला भाग पुसला. आत अजून काळं दिसत होतं. बोट तिकडे जाऊ पाहत होतं. त्यांनी हात मागं घेतला.

व्हिडिओ मेघाला गेला. तासाभरानं तिचं उत्तर आलं, "कान लाल नाही ना?" मीराबाईंनी लिहिलं, "थोडा लाल आहे. डॉक्टरले फोन केला. धुतल्यावर थोडा होते म्हणे. संध्याकाळी पुन्हा पाहते." संध्याकाळी पाहिलं, लाली गेली होती. तेही कळवलं.

असं तीन आठवडे चाललं. प्रत्येक वेळी आदल्या दिवसापासूनच मीराबाई टॉवेल, कापूस, बाटली मांडून पुन्हा पुन्हा तपासायच्या. नानाजी म्हणायचे, आता तर जमते तुले, मग काऊन भेतं? त्या म्हणायच्या, जमते म्हणूनच भेते. मागंही वाटलं होतं की जमून राह्यलं. किड्यांचं मानेवरचं औषध पुन्हा एकदा सोडलं. चुरा कमी होत होत कापूस पांढराच निघायला लागला, मान सरळ झाली, कानामागं बारीक केस आले. शेवटच्या भेटीत डॉक्टर म्हणाल्या, "आता बंद करा. निरोगी कानाला रोज हात लावायची गरज नसते. आठवड्यातून एकदा नुसतं पाहा." हे नुसतं पाहणं मीराबाईंना सगळ्यांत अवघड गेलं.

मेघा डिसेंबरच्या शेवटी परत आली. नागपूरहून मीराबाईंसाठी स्वेटर आणला, नेहमीसारखी "मावशी" म्हणाली. पण कामावर जाताना ती आपल्या खोल्यांना कुलूप लावू लागली. पूर्वी कधी लावलं नव्हतं. दिवसा सरकी आतून दारावर नखं घासायची. मीराबाई मागच्या अंगणात धुणं वाळत घालताना तो आवाज ऐकायच्या. नानाजी एकदा म्हणाले, "मी बोलू का पोरीसंग?" त्या म्हणाल्या, "नका बोलू. तिचं बरोबर आहे."

दोन आठवड्यांनी, एका बुधवारी, मेघा हरभऱ्याची पाहणी करायला लवकर निघाली. स्कूटी सुरू केली, मग बंद करून परत आली. मीराबाईंना वाटलं काही विसरली. तिनं कुलूप काढलं, कडीही काढली आणि दार लोटून ठेवलं.

"मावशी, ऊन चांगलं आहे. हिले बसू द्या बाहेर. मी चारपर्यंत येते."

सरकी उंबऱ्यावर आली, आळोखेपिळोखे दिले आणि अंगणाच्या मध्यावर ऐसपैस लोळली. मीराबाईंनी ओले कपडे बादलीत तसेच सोडले, पायरीवर पाट टाकला आणि चार वाजेपर्यंत तिथून हलल्या नाहीत.